‘रणांगण’वरून दोन तट पडलेल्या वाचनगटासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तेरा जणांचा वाचनगट, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आळीपाळीने कुणाच्या तरी घरी बैठक. या खेपेला विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी घेतली होती. सहा जण भारावले, पाच जणांना चीड आली, दोघं बोललेच नाहीत. कादंबरीच्या नायकाबद्दल एक ताई म्हणाल्या, “हा चक्रधर नामर्द आहे, आणि असल्या माणसाच्या दुःखात मला सहभागी व्हायचं नाही.” त्यावर गटातले निवृत्त सर म्हणाले, “ताई, तुम्हाला कादंबरी वाचताच येत नाही.” ताई आणि त्यांची मैत्रीण पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. आता तुम्ही विचारताय की, वाद होईल अशी पुस्तकं यापुढे टाळावीत का, आणि या पुस्तकाचा विषय हात वर करून, बहुमताने मिटवून टाकावा का.

दोन्ही करू नका. येत्या बैठकीला हीच कादंबरी पुन्हा घ्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण बावीस वर्षं अलिबागला वाचनकट्टा चालवल्यावर मी हे अगदी ठामपणे सांगते. ज्या पुस्तकावरून गट तुटायला आला, त्याच पुस्तकाकडे परत गेल्याशिवाय तो नीट जुळत नाही. दुसरं पुस्तक घेतलंत तर तिथेही सर आणि ताई याच भांडणाचा पुढचा भाग खेळतील. फक्त पुस्तकाचं नाव बदललेलं असेल.

आमच्या कट्ट्याने ‘रणांगण’ दोनदा वाचली आहे. पहिल्यांदा सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्यांदा अलीकडे. पहिली बैठक मी बिघडवली. कॉलेजात असताना ही कादंबरी वाचून मी रात्रभर झोपले नव्हते, त्यामुळे चर्चेची सुरुवात मीच केली आणि वीस-पंचवीस मिनिटं बोलत राहिले. कादंबरीच्या नायिकेची, हॅर्टाची, पत्रं वाचून दाखवली, आवाज भरून आला. मग म्हटलं, आता तुम्ही बोला. सगळे छान बोलले. सगळ्यांना कादंबरी आवडली होती. बैठक किती सुंदर झाली, असं मनात घेऊन मी घरी गेले. वर्षभराने कट्ट्यातली एक तरुण बँक कर्मचारी मला मांडव्याच्या जेट्टीवर भेटली. बोटीला वेळ होता. ती म्हणाली, “त्या दिवशी मला बोलायचं होतं. मला ती हॅर्टा अजिबात खरी वाटली नव्हती. पण तुमचे डोळे भरून आलेले, मग मी काय बोलणार?” त्या एका वाक्याने मला वाचनगट चालवण्याबद्दल जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याच पुस्तकाने शिकवलेलं नाही. त्यानंतर जो बैठक चालवतो त्याने आपलं मत सर्वांत शेवटी सांगायचं, हा नियम आम्ही पाळत आलो. तुमच्या गटात बैठक कोण चालवतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. सर चालवत असतील, तर निम्मं उत्तर इथेच आहे.

तुमच्याकडे मतं फुटली, ही त्या मानाने चांगली गोष्ट झाली. माझ्याकडे ती फुटली नव्हती, दडपली गेली होती.

आता कादंबरीकडे येते, कारण तुमच्या भांडणाचं मूळ तिच्या बांधणीत आहे. ‘रणांगण’ १९३९ साली प्रसिद्ध झाली. चक्रधर विध्वंस हा तरुण युरोपातून बोटीने हिंदुस्थानात परत येतोय. उमा नावाच्या मुलीने नाकारल्याचा घाव त्याच्या मनावर आहे आणि त्यातून बायकांविषयी एक कडवटपणा त्याच्यात मुरलेला आहे. त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू आहेत. त्यांच्यातली हॅर्टा आणि चक्रधर जवळ येतात. मुंबई येते, तो उतरतो, ती पुढे जाते. मग तिची पत्रं येतात. आणि शेवटी तिने समुद्रात स्वतःला संपवल्याची वार्ता. एवढीशी गोष्ट, दोन बसण्यांत वाचून होणारी. बेडेकरांनी आयुष्यात दुसरी कादंबरी लिहिली नाही.

ही गोष्ट सांगतो कोण? चक्रधर. हॅर्टा कशी दिसते, कशी हसते, तिला काय हवं आहे, ती किती प्रेम करते, हे सगळं आपल्याला त्याच्या तोंडून कळतं. तिचा स्वतःचा आवाज मोकळेपणाने ऐकू येतो तो पत्रांत, म्हणजे तो बोटीवरून उतरून गेल्यानंतर. त्यामुळे वाचकासमोर पहिल्या पानापासून एक प्रश्न उभा असतो: या माणसाच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा? जो वाचक विश्वास ठेवतो, त्याला त्याच्या पश्चात्तापाचा चटका बसतो. जो ठेवत नाही, त्याला हा माणूस आपल्याच दुःखाचं कौतुक करताना दिसतो. दोघांनी तीच अक्षरं वाचलेली असतात.

तुमच्या ताई आणि तुमचे सर एकाच प्रश्नावर भांडले, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. ताई सांगत होत्या की, चक्रधर वाईट वागला. सर सांगत होते की, लेखकाने ते उत्तम लिहिलं आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. वाईट वागणाऱ्या माणसाचं उत्तम चित्रण हा कादंबरीचा जुना धंदाच आहे. पण दोघांनाही वाटलं की समोरचा आपलं म्हणणं खोडतोय. ताईंना वाटलं, सर चक्रधरची बाजू घेतायत. सरांना वाटलं, ताई बेडेकरांचा अपमान करतायत. बैठक चालवणाऱ्याने तिथेच थांबवून विचारायला हवं होतं: “ताई, तुमचा राग चक्रधरवर आहे की पुस्तकावर?” मी हा प्रश्न आजवर कितीतरी वेळा विचारला असेल. विचारल्यावर बहुतेक वेळा माणूस क्षणभर थांबतो. काही जण म्हणतात, चक्रधरवर. आणि काही जण, विशेषतः ज्यांनी बारकाईने वाचलेलं असतं ते, म्हणतात, “पुस्तकावरही आहे, कारण पुस्तक त्याला माफ करतं.” हा फार मोलाचा आक्षेप आहे. कादंबरी चक्रधरला माफ करते का? त्यावर तुमची अख्खी बैठक चालू शकते, आणि त्यात सरांच्या सगळ्या व्यासंगाचा खरा उपयोगही होईल.

पण एक अट घाला. माफ करते म्हणणाऱ्याने पान दाखवायचं. करत नाही म्हणणाऱ्यानेही पान दाखवायचं.

हे पानाचं सूत्र जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या दुसऱ्या वेळच्या बैठकीचं सगळं यश त्यात होतं. प्रत्येकाने घरून एकच जागा ठरवून आणायची, जास्तीत जास्त दहा ओळींची. आपली पाळी आली की आधी त्या ओळी मोठ्याने वाचायच्या. आवडल्या म्हणून आणल्या की खटकल्या म्हणून, ते वाचून झाल्यावर सांगायचं. मग उलट मताच्या एकाने, स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी, ऐकलेलं मत आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि “बरोबर सांगितलं का?” असं विचारायचं. पहिल्याने हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. शाळकरी वाटतं, पहिली दोन वळणं अवघडल्यासारखंही होतं. तिसऱ्या माणसापासून खोलीतला आवाज खाली येतो. तेरा जणांना प्रत्येकी आठ मिनिटं धरली तर पावणेदोन तास होतात, तेव्हा चहा आधी उरकून घ्या. एक व्यवहाराची गोष्ट: तुमच्याकडे कुणाची प्रत वाचनालयातली जुनी, कुणाची नवी आवृत्ती, कुणाची वडिलांच्या कपाटातली असणार. पानांचे आकडे जुळत नाहीत आणि निम्मा वेळ “कुठे, कुठे?” करण्यात जातो. आकड्याऐवजी परिच्छेदाचे पहिले चार शब्द कागदावर लिहून आणायला सांगा.

मोठ्याने वाचल्यावर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्यातले एक गृहस्थ, बंदर खात्यात नोकरी केलेले, चक्रधरच्या बाजूचे होते. ताटातूट झाली की माणूस दगड होतोच, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उमाच्या आठवणींतला उतारा निवडला होता. वाचता वाचता ते अडखळले, परत मागे गेले, आणि म्हणाले, “हे मी घरी मनात वाचलं तेव्हा मला दुःख वाटलं होतं. आता तोंडाने म्हणताना ते मला रागाचं वाटतंय.” त्यांनी मत बदललं नाही. पण त्या दिवसानंतर कुणाला “तुम्हाला कळलं नाही” असं ते म्हणाले नाहीत. आपल्याच निवडलेल्या ओळींनी आपल्याला दगा दिला की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

तुमच्या गटात एक तिसरा प्रश्नही कुणीतरी काढणारच. आमच्याकडे त्याच्यावर तास गेला. “तो तिला मुंबईत उतरवून घेऊ शकला असता की नाही?” काही जण म्हणाले, इंग्रजांचं राज्य, तिच्याकडे कागद नाहीत, तो एकटा काय करणार? काही जण म्हणाले, मनात असतं तर मार्ग निघाला असता. हा वाद नुसत्या भावनेवर करू नका. थोडी माहिती हाताशी ठेवा, म्हणजे तो फिरत राहणार नाही.

१९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी जर्मनीतल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. नोव्हेंबर १९३८ मधल्या त्या रात्री, ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉगं फोडली-जाळली गेली तेव्हा, जे अजून थांबले होते तेही जीव मुठीत धरून बाहेर पडायला लागले. बरोबर फक्त दहा मार्क नेता यायचे. त्याआधी जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देशांची परिषद झाली, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि जवळपास कुणीच दार उघडलं नाही. शांघायमध्ये मात्र उतरायला व्हिसा लागत नव्हता. म्हणून इटलीच्या जिनोआ आणि ट्रिएस्टे बंदरांतून ‘कॉन्ते रोसो’, ‘कॉन्ते व्हेर्दे’सारख्या बोटी भरभरून निघायच्या. सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघाय. १५ हजारांहून जास्त ज्यू असे शांघायला पोचले. म्हणजे मुंबई हे त्यांच्या वाटेवरचं बंदर होतं. डेकवरून त्यांना मुंबई दिसत असणार, आणि तिथे उतरायचं नाही हेही त्यांना माहीत असणार. हे समजून घेतल्यावर बोट मुंबईला लागते ती पानं पुन्हा वाचून बघा. वजन बदलतं.

पण दार पूर्ण बंद होतं का? तसंही नाही. नोकरी असेल किंवा इथला कुणी जामीन राहत असेल तर हिंदुस्थानात येता येत होतं. आकाशवाणीची ओळखधून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईत आले होते. व्हिएन्नाहून चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आले, एमान्युएल श्लेझिंगर आले, आणि पुढे मुंबईतल्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी ही मंडळी उभी राहिली. मुंबईतल्या ज्यूंनी अशा लोकांसाठी मदतसंस्थाही उभी केली होती. आणि उतरू शकलेल्यांचंही सुख सरळ नव्हतं. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारल्यावर जर्मन पासपोर्ट असलेल्या माणसांना, ते हिटलरपासून पळून आलेले का असेनात, ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून नजरकैदेत टाकलं गेलं. त्यांच्यातले काही आपल्या पुरंदरावर होते.

एवढं मांडून झाल्यावर आमच्याकडे दोन्ही बाजूंचे थोडे नरमले. ‘काहीच शक्य नव्हतं’ म्हणणाऱ्यांना ते सोडावं लागलं, ‘सहज शक्य होतं’ म्हणणाऱ्यांनाही. मी मात्र एक चूक होताना बघत होते, ती तुमच्याकडे होऊ देऊ नका. माहिती आली की लोक तिचा खटला चालवायला उपयोग करतात: हा पुरावा, म्हणजे चक्रधर सुटला, तो पुरावा, म्हणजे फासावर. कादंबरीतल्या माणसाने परवान्यांचा विचार केला का, चौकशी केली का, की मनाने आधीच हात झटकले होते, हे पुस्तकातच शोधायला लावा. इतिहासाने प्रश्न टोकदार होतो, उत्तर मात्र पानातूनच यायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगते. ती तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलिबागला इस्राएल आळी आहे. बेने इस्राएल लोक आमच्या या किनाऱ्यावर शेकडो वर्षांचे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घरात मराठी, कीर्तनंसुद्धा मराठीत. बहुतेक जण इस्रायलला गेले, थोडी घरं राहिली. आमच्या दुसऱ्या बैठकीला त्यांच्यातल्या एक आजी पाहुण्या म्हणून आल्या होत्या. दीड तास त्या काही बोलल्या नाहीत. लोक चक्रधरवर, उमावर, हॅर्टावर तावातावाने बोलत होते. शेवटी मी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? त्या म्हणाल्या, “त्या वर्षी माझे आजोबा मुंबईला गोदीजवळ कामाला होते. ती बोट त्यांनी पाहिली असेल. घरी येऊन काही बोलले असतील का, हे विचारायला आता कुणी राहिलं नाही.” बस, एवढंच. त्यानंतर पाच मिनिटं कुणीच बोललं नाही, आणि मीही कुणाला बोलायला सांगितलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की आहे. आपण मराठी वाचक ‘रणांगण’ ही प्रेमकथा म्हणून वाचतो आणि बोटीवरच्या बाकीच्या माणसांना पडद्यासारखं मागे टाकतो. तुमच्या गटातले सहा जण चक्रधरच्या बाजूने आणि पाच जण विरुद्ध बोलले, पण त्या अकराही जणांची नजर चक्रधरवरच होती. पुढच्या बैठकीत निदान दोघांना सांगा की, चक्रधरबद्दल एक अक्षर न बोलता या कादंबरीबद्दल बोला. हॅर्टाच्या पत्रांबद्दल बोला, देश गेलेल्या माणसांबद्दल बोला, युद्धाचं एकही मैदान नसताना नाव ‘रणांगण’ का, त्याबद्दल बोला. नायकाचं आडनाव लेखकाने विध्वंस का ठेवलं असेल, एवढ्यावरसुद्धा अर्धा तास जातो.

आता त्या दोन गप्प राहिलेल्यांबद्दल. त्यांना कोपऱ्यात घेऊन “तुमचं मत काय?” असं विचारू नका. गप्प राहणारा माणूस कधी पुस्तक पुरं वाचून आलेला नसतो, आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. कधी पुस्तक त्याच्या फार जवळचं असतं. आमच्याकडे एक जण गप्प होते, त्यांनी दोन महिन्यांनी सहज चालता चालता सांगितलं की, तरुणपणी ते स्वतः एका मुलीला स्टेशनवर सोडून आले होते आणि नंतर कधी भेटले नाहीत. त्यांच्यापुढे कुणी ‘नामर्द’ म्हटलं तेव्हा त्यांचं काय झालं असेल? म्हणून मी एक मर्यादा घालते. पात्राबद्दल काय वाटेल ते म्हणा, पण म्हणताना लक्षात असू द्या की खोलीत तसं जगलेला कुणीतरी बसलेला असू शकतो. आणि वाचणाऱ्या माणसाबद्दल, त्याच्या अकलेबद्दल, वयाबद्दल, शिक्षणाबद्दल, बाई किंवा पुरुष असण्याबद्दल एक शब्दही नको. या बाबतीत मी कधीच सूट दिलेली नाही. ताईंचा शब्द कडक होता, पण तो पात्राला होता. सरांचं वाक्य ताईंना होतं. दोन्ही सारखं धरून “दोघांनीही जरा सांभाळून घ्या” असं गुळमुळीत बोलू नका, कारण ते ताईंवर अन्याय करणारं होईल.

बहुमताचं म्हणाल तर आम्ही वर्षभर पुस्तकांना दहापैकी गुण देऊन पाहिले. फळ्यावर सरासरी काढायचो. झालं असं की लोक पुस्तकाऐवजी आपल्या आकड्याची बाजू लढवायला लागले. चार दिलेल्या माणसाला चर्चेत काही नवं सापडलं तरी तो चारवरून हलेना, कारण सगळ्यांसमोर फळ्यावर चार लिहिलेलं होतं. आम्ही ते बंद केलं. त्याऐवजी बैठकीच्या शेवटी एक प्रश्न विचारतो: घरून येताना जे वाटत होतं, त्यात काही हललं का? “नाही” हे उत्तरही चालतं.

एक सावधगिरी. ‘रणांगण’नंतर कुणीतरी हमखास म्हणतं, “हे बेडेकरांच्या बाबतीत खरंच घडलं होतं का?” ते स्वतः युरोपातून बोटीने परतले होते आणि ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे त्यांचं आत्मचरित्र फार मोठ्या ताकदीचं पुस्तक आहे. ते जरूर वाचा, पण या वादाच्या मध्यात नको. आत्मचरित्र आलं की लोक कादंबरी ठेवून लेखकाची उलटतपासणी सुरू करतात, आणि चक्रधरवरचा राग मग एका खऱ्या, हयात नसलेल्या माणसावर निघतो.

‘रणांगण’ची ही बैठक झाल्यानंतरच्या महिन्यासाठी माझी सूचना वेगळी आहे. विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा १९३३ चा कथासंग्रह घ्या. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर, विश्राम बेडेकरांच्या पत्नी. शिकलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या, लग्न न झालेल्या किंवा होऊ न दिलेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी इतकं उघड लिहिलं की त्या काळी महाराष्ट्रात गदारोळ झाला, आणि टोपणनावामागे कोण आहे याचा शोध लोक घेत राहिले. ज्यांना ‘रणांगण’मध्ये बाईचा आवाज उशिरा आणि अपुरा ऐकू आला, त्यांना तो इथे पहिल्या पानापासून ऐकू येईल. सरांनाही ते वाचायला आवडेल, अशी माझी खात्री आहे. आणि वाद होईल म्हणाल तर होईलच. त्याला घाबरून सगळ्यांना आवडेल असं पुस्तक शोधायला गेलात तर वर्षभरात बैठकीत पुस्तकापेक्षा चहा-पोह्यांवर जास्त बोलणं होईल. असे दोन गट मी आमच्या जिल्ह्यात बंद पडताना पाहिले आहेत. भांडून नाही, कंटाळून.

ताईंकडे घरी जा. व्हॉट्सॲपच्या गटावर ‘या हं सगळ्यांनी’ असा निरोप टाकून त्या येणार नाहीत, आणि ते बरोबरही दिसणार नाही. सरांच्या वतीने माफी मागू नका, तो सरांचा प्रश्न आहे. त्यांचा राग निवळलाय का, तेही विचारू नका. पुस्तक बरोबर न्या आणि विचारा, “तुम्हाला ज्या ओळींची सगळ्यात जास्त चीड आली त्या कुठल्या? पुढच्या वेळी सुरुवात तुमच्या वाचण्याने करायची आहे.” मैत्रीण ताईंबरोबर येईलच. त्या नाही म्हणाल्या तर आग्रह करू नका, पण ओळी तरी विचारून घ्या आणि त्यांच्या नावाने वाचू का, ते विचारा. असं एकदा आमच्याकडे झालं होतं. न आलेल्या बाईंच्या ओळी दुसरीने वाचल्या, आणि पुढच्या महिन्यात बाई स्वतः आल्या.

सरांशी मात्र त्याआधी बोला, एकटे असताना, शक्यतो त्यांच्याच घरी. शिक्षकी पेशातल्या माणसाला वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की लगेच दुरुस्त करायची सवय लागलेली असते, त्यामागे दुष्टावा नसतो. त्यांना सांगा की, ते वाक्य ताईंना लागलं आहे आणि त्या येत नाहीत त्याचं कारण ते आहे. बहुतेक त्यांना ते ठाऊकच नसेल. मग त्यांच्यावर एक काम सोपवा: मुंबईच्या बंदराची पानं त्यांनी वाचायची, आणि त्याआधी ताईंचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. चाळीस वर्षं मुलांना उतारे समजावून दिलेला माणूस हे उत्तम करू शकतो. खुर्च्या गोल मांडा, आणि सरांची खुर्ची ताईंच्या समोर न ठेवता त्यांच्याच बाजूला, एक खुर्ची सोडून ठेवा.